नवमीची बॅटरी

सांडशी सापडत नव्हती.

गॅसवर खीर उतू जायच्या बेतात आली होती, वड्यांचं पीठ मळून तयार होतं, आणि अक्षता हाताला ओलं फडकं गुंडाळून पातेलं उतरवत होती. सासूबाईंच्या वर्षश्राद्धानंतरची पहिली अविधवा नवमी म्हणून ती सकाळीच मुलुंडहून भांडुपला, सासऱ्यांच्या घरी येऊन कामाला लागली होती.

“बाबा, सांडशी कुठंय? मघाशी इथेच ठेवली होती मी.”

“असेल तिथेच. नीट बघ,” म्हणत जयवंतरावांनी चपला पायात सरकवल्या.

“आणि तुम्ही कुठे निघालात?”

“आलो, आलो,” असं उत्तर जिन्यातून आलं. सांडशी त्यांच्या लेंग्याच्या खिशात होती.

प्रेमा गेल्यापासून जयवंतराव बसत नव्हते. तसे ते आधीही बसत नसत. कुरियर कंपनीत जन्म उभ्याने गेला आणि निवृत्त झाल्यावरही पायांची सवय मोडली नाही. भात कालवला की त्यांना नळ आठवायचा, आमटी वाढली की दाराची कडी आठवायची. प्रेमा ताट पुढ्यात घेऊन वाट बघत राहायची. “अहो, बसा की जरा,” म्हणायची. ते “आलो” म्हणायचे आणि तिच्या ताटातला भात निवून जायचा. दीड वर्षापूर्वी ती गेली. आता बसा म्हणणारं घरात कोणी नव्हतं, त्यामुळे न बसण्यातही काही राम उरला नव्हता. पण पाय ऐकत नव्हते.

त्यात कबुतरं. प्रेमाच्या गॅलरीत, तिच्या मोगऱ्याच्या कुंडीत त्यांनी संसार मांडला होता. त्यांना हाकलायला जयवंतरावांनी ऑनलाइन एक बॅटरी मागवली. काळी, जाडजूड, हातात धरली की माणसाला हवालदार झाल्यासारखं वाटावं अशी. खोक्यावर ‘टॅक्टिकल’ असं लिहिलं होतं आणि एक दाढीवाला सैनिक ती घेऊन डोंगरावर उभा होता. तिचं बटण एकदा दाबलं की समोरची इमारत उजळायची. पुन्हा पुन्हा दाबलं की ती अशी झपझप लुकलुकायला लागायची की कबुतरं पिसं गाळत पळायची. जयवंतरावांना बऱ्याच दिवसांनी काहीतरी जमल्यासारखं वाटलं.

अडचण एवढीच झाली, की तिच्याबरोबर आलेले दोन बुटके सेल आठवडाभरात मंदावले. जयवंतरावांनी ते काढून खिडकीत ठेवले. ही प्रेमाची पद्धत. रिमोटचे सेल संपले की ती ते खिडकीत ओळीने मांडायची. “दमलेत बिचारे. जरा बसू देत,” म्हणायची. आणि खरंच, संध्याकाळी परत घातले की तिची मालिका संपेपर्यंत ते चालायचे. हे बुटके मात्र दोन दिवस खिडकीत बसूनही उठले नाहीत.

मग जयवंतराव बॅटरी घेऊन साकीनाक्याला गेले. तिथे एका गाळ्यात सम्यक नावाचा एक जण सगळ्या जातीचे सेल विकायचा. त्याने बॅटरी उघडून आत डोळा लावला.

“काका, किती वेळा असले सेल विकत घेणार? रिचार्जेबल टाका. हे दोन बुटके काढायचे आणि हा एक लांब टाकायचा. घरी चार्ज करा, मजा करा.”

“दोघांच्या जागी एक?”

“हो.”

“चालतो एकट्याने?”

“पळतो काका!” सम्यक म्हणाला. “फक्त दोन गोष्टी. एक तर हा मंद होत नाही हां. शेवटपर्यंत फुल्ल, आणि मग एकदम बंद. आत छोटं सर्किट आहे, ते लाइन कापतं. नाहीतर सेलची वाट लागेल. दुसरं म्हणजे, त्या सर्किटमुळे हा सेल किंचित लांब असतो. टोपण बसलं नाही तर जोर लावू नका. परत आणा, मी दुसरा देतो.”

“जोर कशाला लावेन मी?” जयवंतराव म्हणाले.

सेल घरी आला, रात्रभर चार्ज झाला, पण बॅटरीत पडायच्या आधीच मुलाचा, निलेशचा फोन आला. समोरच्या इमारतीतले हर्षद म्हणून कोणी गृहस्थ होते. त्यांच्या बेडरूममध्ये आठवडाभर वीज चमकत होती आणि शेवटी त्यांनी सोसायटीच्या ग्रुपवर जयवंतरावांचा गॅलरीतला फोटो टाकला होता. फोटोत जयवंतराव त्या सैनिकासारखेच उभे होते, फक्त अंगात बनियन होता.

“बाबा, काय चाललंय हे? लोक मला फोन करतायत.”

“कबुतरं आहेत रे.”

“कबुतरं सगळ्या मुंबईत आहेत! तुम्ही एकटे राहता म्हणून हे उद्योग सुचतात. नवमीला भाऊकाका, मावशी सगळे येतायत ना, तेव्हा मी विषय काढणार आहे. सामान बांधायचं आणि आमच्याकडे मुलुंडला यायचं.”

“बॅटरी मी कपाटात ठेवली,” जयवंतराव घाईघाईने म्हणाले. “कायमची. परत हात लावणार नाही.”

मुलुंडला जायचं नव्हतं, बास. निलेश चांगला होता, अक्षता त्याहून चांगली होती, घर मोठं होतं. पण तिथे खिडकीत सेल मांडून ठेवणारी बाई कधी राहिली नव्हती.

आता नवमीला बॅटरी कपाटातून बाहेर का आली, तर त्यालाही कारण होतं. मागल्या वर्षी त्यांच्या थोरल्या भावाकडे, भाऊंकडे, वडिलांचं, म्हणजे तात्यांचं श्राद्ध होतं. पान वाढलं, कावळा समोर बसलेला, उतरणार एवढ्यात एक कबूतर आलं आणि वडा घेऊन बसलं. त्यावरून घरात जे वाजलं ते वाजलं. कोणी म्हणालं, पक्षी तो पक्षी. भाऊ म्हणाले, “तात्या कबूतर कसे होतीत? तात्यांनी जन्मात कोणाक भिऊन वाट सोडूक नाय!” तो वाद अजून मिटला नव्हता. प्रेमाच्या पानावर असला वाद नको, तिचा घास कावळ्यानेच घ्यायला हवा, एवढंच जयवंतरावांचं म्हणणं होतं. गच्चीवरच्या शेडमध्ये कबुतरांची वस्ती होती. सकाळपासून तिथे बॅटरी लुकलुकत ठेवायची, कबुतरं पांगवायची आणि पान ठेवायच्या आधी गुपचूप काढून घ्यायची. चोख बेत होता.

गच्चीवर त्यांनी सेल आत टाकला आणि टोपण फिरवलं. दोन आटे राहिले. फिरेना. सम्यकचं बोलणं त्यांना आठवलं, नाही असं नाही. पण साकीनाका लांब होता आणि सांडशी खिशात होती. त्यांनी टोपण सांडशीत धरलं, दात आवळले आणि पिळलं. आतून काहीतरी कर्र् वाजलं, टोपण बसलं आणि बटणाला हात न लावताच बॅटरी झपझप लुकलुकायला लागली. अख्खी शेड फडफडली आणि क्षणात रिकामी झाली.

जयवंतराव खूश झाले. मग त्यांनी बटण दाबून पाहिलं. काहीच नाही. पुन्हा दाबलं. बटण आत जाऊन बसलं ते वरच येईना. टोपण उलटं फिरवलं, तर ते आता बॅटरीचंच अंग झालं होतं. ‘राहू दे,’ त्यांनी विचार केला, ‘पान ठेवायच्या आधी टॉवेलात गुंडाळून खाली नेतो.’ आणि त्यांनी शेडखालच्या पाण्याच्या दोन काळ्या टाक्यांच्या मधल्या फटीत, वरच्या अंगाला, तिचं तोंड पत्र्याकडे करून ती अडकवून ठेवली.

दुपारी टॉवेल घेऊन ते वर आले. बॅटरीला बोट लागलं मात्र, ती निसटली आणि दोन्ही टाक्यांच्या मधून सुळकन खाली गेली. तळाशी जाऊन नीट उभी राहिली, तोंड वरच. हात कोपरापर्यंत आत जाई, पुढे नाही. सांडशी घालून पाहिली, ती वीतभर कमी पडली. एवढ्यात जिन्यातून भाऊंचा खोकला ऐकू आला. जयवंतरावांनी सांडशी टाकीमागे सोडली, टॉवेल खांद्यावर टाकला आणि पाहुण्यांचं स्वागत करायला गच्चीच्या दारात उभे राहिले.

पुढे भाऊ, मागे पान घेतलेला निलेश, पाण्याचा तांब्या घेतलेली अक्षता आणि शेवटी धापा टाकत प्रेमाची थोरली बहीण सुलक्षणा. त्या बोरीवलीहून आल्या होत्या आणि वाटेतल्या प्रत्येक खड्ड्याचा राग चेहऱ्यावर घेऊन आल्या होत्या.

“पान तिकडे कोपऱ्यात ठेवूया,” जयवंतराव लगबगीने म्हणाले. “तिकडे मोकळं आहे.”

“तिकडे ऊन बघ काय ता!” भाऊ म्हणाले. “माका घेरी येईत. हयसरच ठेव, शेडीच्या सावलेक.”

आणि पान कठड्यावर, टाक्यांच्या बरोबर समोर ठेवलं गेलं. वडे, भात, काळ्या वाटाण्याचं सांबार, खीर, कारल्याची भाजी. भाऊंनी पानाभोवती पाणी फिरवलं, हात जोडले आणि गाऱ्हाणं घातलं.

“बाय प्रेमा, आज नवमी. तुझ्या घोवान, तुझ्या लेकरांनी तुझ्या नावान पान वाढल्यानी हा. काय चुकला-माकला असात ता पदरात घी. मनात काय ऱ्हवला असात तर आमका कळांदेत. कावळ्याच्या रूपान ये आणि घास घी!”

“व्हय म्हाराजा!” सगळे म्हणाले. जयवंतराव सगळ्यांत मोठ्याने म्हणाले.

समोरच्या इमारतीच्या टाकीवर कावळे बसले होते. एक उडाला, कठड्याच्या दिशेने आला, शेडजवळ पोचताच हवेत ब्रेक लावल्यासारखा थबकला आणि परत गेला. दुसऱ्यानेही तसंच केलं. मग सगळे मान वाकडी करून बघत बसले.

“मगे?” भाऊ म्हणाले. “येणत कित्याक नाय?”

“येतील, येतील,” म्हणत जयवंतराव टाक्यांच्या बाजूला गेले, तिथून दाराकडे आणि दारातून परत टाक्यांकडे. “भाऊ, पान जरा पलीकडे सरकवूया का?”

“पाणी फिरवलेला पान हलवूचा नसता, जयवंता. तुका इतक्या सुद्धा म्हायत नाय?”

सुलक्षणाताई पत्र्याकडे बघत होत्या. “वर काय लुकलुकतंय हो?”

“ते... समोरच्या काचेवरनं ऊन येतं,” जयवंतराव म्हणाले.

“ऊन असं थरथरतं?”

“भांडुपला येतं असं.”

अक्षताचा फोन वाजला. खाली सवाष्ण म्हणून बोलावलेली दुसऱ्या मजल्यावरची अनुपमा पाटावर बसून होती. अर्धी रजा टाकून आली होती. “अक्षता, कावळा आला का गं? मला मीटिंग आहे यार.” अक्षता म्हणाली, “बसलेत समोर. विचार करतायत.”

वेळ जाऊ लागला. वड्यांवरची वाफ गेली. सुलक्षणाताईंनी पदर सावरला, आणि आता त्या बोलणार हे सगळ्यांना कळलं.

“उगाच येत नाही असं नसतं. तिचं मन अडकलंय कशात तरी. जयवंतराव, तुम्ही तिच्या साड्यांच्या कपाटाला कोणाला हात लावू देत नाही. ती मला शंभरदा म्हणाली होती, ताई, माझ्या मागे साड्या कुजवू नका, कोणीतरी नेसा.”

जयवंतरावांना माहीत होतं की कावळा साड्यांसाठी अडलेला नाही. पण ते सांगायचं तर बॅटरी सांगावी लागत होती, आणि बॅटरी सांगितली की मुलुंड होतं. “देतो,” ते म्हणाले. “सगळ्या देतो. प्रेमा, ऐकतेस ना? ताईंना साड्या देतो.”

“मला म्हणून नाही हं,” ताई म्हणाल्या. “ती जांभळी पैठणी फक्त.”

कावळे जागचे हलले नाहीत.

मग निलेश पुढे आला. त्याने कठड्यापुढे हात जोडले.

“आई,” निलेश म्हणाला. तो नाटक करत नव्हता, हेच वाईट होतं. “तुला बाबांची काळजी आहे ना? ते एकटे राहतात, वेळेवर जेवत नाहीत. मी त्यांना मुलुंडला घेऊन जातो. बाबा, म्हणा ना. म्हणा, येतो.”

सगळे जयवंतरावांकडे बघू लागले. भाऊंनी डोळ्यांनीच ‘म्हण रे’ असं खुणावलं. पोराचे डोळे भरलेले, पुढ्यात बायकोचं पान. नाही म्हणणार कसं?

“येतो,” जयवंतराव म्हणाले.

आणि म्हणताच त्यांच्या लक्षात आलं. सकाळपासून ज्या कावळ्याची ते आतुरतेने वाट बघत होते, तो आता या क्षणी आला तर? सेल कुठल्याही घटकेला संपणार. सम्यक म्हणाला होता, एकदम बंद. इथे लुकलुक थांबली, तिथे कावळा उतरला, की प्रेमाचीच आज्ञा झाली म्हणायची आणि संध्याकाळी टेम्पो दारात. जयवंतरावांनी चोरून पत्र्याकडे पाहिलं. लुकलुक चालू होती. ‘चाल बाबा,’ त्यांनी मनातल्या मनात सेलला विनवलं, ‘थोडा वेळ चाल.’

तेवढ्यात एका धीट कावळ्याने खरंच झेप घेतली.

“हुश्श!” जयवंतराव ओरडले.

“अहो, हाकलताय काय!” सुलक्षणाताई किंचाळल्या.

“खोकला आला.”

“खोकला हुश्श असा येतो?”

कावळा परत गेला होता. जयवंतराव आता कठड्याभोवती घिरट्या घालत भराभर बोलायला लागले. मुलुंडच्या वर काहीतरी रचायला हवं होतं. “प्रेमा, मी रोज गोळ्या घेईन. प्रेमा, तुझ्या गावच्या देवीला नारळ देतो. गॅलरीला जाळी लावतो. विड्या मी सोडल्याच आहेत, तरी परत सोडतो. समोरच्या हर्षदना सॉरी म्हणतो.”

“हर्षदचं आईला काय?” निलेश म्हणाला.

“तिला शेजाऱ्यांशी भांडण आवडायचं नाही.”

“माझी साखर उतारली,” भाऊ खाली बसत म्हणाले. “दर्भाचो कावळो करूया आणि पानाक शिववूया. शास्त्रात चलता.”

“माझ्या बहिणीच्या पानाला गवताचा कावळा?” ताई उसळल्या. “तुमच्या तात्यांना निदान कबूतर तरी मिळालं!”

झालं, मागल्या वर्षीचा वाद परत उभा राहिला. भाऊ बसल्या बसल्या ओरडू लागले, ताई उभ्याने. निलेश दोघांच्या मध्ये पडला. अक्षताच्या फोनवर अनुपमा विचारत होती, पाटावरून उठून बिस्किट खाल्लं तर चालेल का. आणि जयवंतराव टाक्यांकडून दाराकडे, दाराकडून कठड्याकडे, कठड्याकडून टाक्यांकडे चालत होते, कारण दुसरं काय करावं ते त्यांना सुचत नव्हतं.

“अहो, बसा की जरा!” सुलक्षणाताई त्यांच्यावर कडाडल्या. “डोकं गरगरलं माझं! जन्मभर ती हेच बोलत राहिली, बसा म्हणून. ताट घेऊन वाट बघायची माझी बहीण. एक दिवस बसला नाहीत तुम्ही तिच्याबरोबर!”

ताईंना वाटलं, आपण जरा जास्तच बोललो.

जयवंतराव जिथे होते तिथेच उभे राहिले. ताईंचा आवाज प्रेमासारखा होता हे त्यांच्या आजवर कधी लक्षात आलं नव्हतं. ‘बसा की जरा.’ तेच हेल, शेवटचा रा तसाच लांबवलेला. त्यांना मुलुंड आठवलं नाही, सेल आठवला नाही. भात तेवढा आठवला, तिच्या ताटातला, निवलेला. त्यांनी खांद्यावरचा टॉवेल खाली टाकला आणि त्यावर, पानासमोर, मांडी घालून बसले.

“बरं,” ते हळूच म्हणाले. “बसलो बघ.”

पत्र्यावरची लुकलुक थांबली.

त्यांच्याशिवाय ते कोणालाच कळलं नाही. एक कावळा समोरून आला, कठड्यावर टेकला, मान तिरकी करून जयवंतरावांकडे बघितलं, आणि खिरीत चोच घातली. मग वडा उचलला. मग बाकीचे आले.

सुलक्षणाताई ढसाढसा रडायला लागल्या. भाऊंनी हात जोडले. “इली रे बाय! इली!” अक्षताने डोळे पुसत फोनवर सांगितलं, “आला गं, आला. पाटावर बस.”

जयवंतराव बसूनच होते. सेल संपला म्हणून लुकलुक थांबली, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. तो नेमका तेव्हाच का संपला, हे मात्र साकीनाक्याच्या सम्यकलाही सांगता आलं नसतं.

खाली उतरताना निलेशने विषय काढलाच. “मग बाबा, सामान कधी बांधायचं?”

“कसला सामान?” भाऊ जिन्यात थांबले. या बाबतीत घरात त्यांचा शब्द शेवटचा. “तू मुलुंड म्हणालंस तेवा कावळो इलो?”

“नाही, पण...”

“साड्यो म्हणाले तेवा इलो?”

“पैठणीचं राहू दे,” ताई नाक ओढत म्हणाल्या.

“हो जयवंत बसलो, तेवा इलो. म्हणजे तिचा मागणा तेवढाच होता. बाकी सगळा आमच्या पोटातला. जयवंता, ह्याच घरात ऱ्हव, पण जेवताना बूड हलवूचा नाय. आजपासून. तिका शब्द दिलंस तू.”

“दिला,” जयवंतराव म्हणाले. त्यांना इतकं हलकं वाटलं की ते दोन दोन पायऱ्या उतरले.

पंगत बसली. अनुपमा जेवून, ओटी घेऊन मीटिंगला पळाली होती. अक्षताने वाढलं. पहिला घास घेतला आणि जयवंतरावांना आठवलं, लिंबू चिरायचं राहिलं. ते उठू लागले.

“बसा!” चौघे एका सुरात ओरडले.

ते बसले. मग त्यांना वाटलं, दाराला कडी घातली नाही. मग वाटलं, गच्चीचं कुलूप. पाय पाटाखाली चुळबुळत होते. वाटलं होतं त्यापेक्षा हे फार अवघड होतं. मुलुंड एकवेळ सोपं गेलं असतं.

भात कालवत असताना खिडकीबाहेर फडफडाट झाला. गच्चीवर परत आलेली सगळी कबुतरं एकदम उडाली आणि खिडकीसमोरून वेड्यासारखी गेली. त्यांच्यामागून दोन-चार कावळेही.

जयवंतरावांचा घास हातातच राहिला. दमला होता बिचारा. जरा बसला आणि उठला. वर टाक्यांच्या मध्ये बॅटरी परत झपझप पेटली होती, आणि थोड्या वेळाने समोरच्या हर्षदना ती दिसणार होती, आणि मग ग्रुपवर फोटो. त्यांचा एक हात जमिनीवर टेकला, गुडघा वर आला.

“बाबा?” निलेशने संशयाने पाहिलं.

“काही नाही. पाय अवघडला.” गुडघा खाली गेला.

अक्षताने सासऱ्यांकडे पाहिलं, मग खिडकीकडे. ती उठली आणि तिने पडदा ओढला. आत जाऊन वाटाण्याच्या सांबाराचं गरम पातेलं घेऊन आली. या वेळी हाताला फडकं नव्हतं. पातेल्याला सांडशी लावलेली होती.

“टाकीमागे सापडली,” ती वाकून वाढताना त्यांच्याच कानाला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली. “आणखी वाढू का, बाबा?”

जयवंतरावांनी वाटी पुढे केली.

“वाढ,” ते म्हणाले. “सावकाश वाढ. मी इथेच आहे.”